कोरडवाहू रानाची सुरुवात: आधी पाणी मोजा, मग पीक ठरवा

नोकरी सोडून गावाकडे परतलेली, वडिलांच्या माघारी शेती अंगावर आलेली किंवा पहिल्यांदाच पाच-सात एकर घेतलेली माणसं माणदेशात, मंगळवेढ्याकडे, जत-आटपाडीकडे, कर्जत-जामखेडकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "कोणतं पीक घेऊ?" प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी नंतरची. या पट्ट्यात आधी पाणी विचारायचं. किती पडतं, किती मुरतं, किती दिवस टिकतं आणि मार्चमध्ये हाताशी किती उरतं. एवढं कळलं की निम्मी पिकं आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवडणं सोपं जातं.

पुढे जे लिहिलंय ते पर्जन्यछायेच्या पट्ट्यासाठी आहे, जिथं वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि खाली काळा पाषाण आहे. कोकणात किंवा पूर्व विदर्भात यातलं फारसं लागू पडणार नाही.

पावसाची वही घाला

कृषी खात्याच्या 'महारेन' संकेतस्थळावर तुमच्या महसूल मंडळाचा पाऊस मिळतो. मागच्या दहा वर्षांचे आकडे काढा, लहानापासून मोठ्यापर्यंत एकाखाली एक लिहा आणि खालच्या टोकाकडून तिसरा आकडा धरा. दहांपैकी आठ वर्षं तरी तेवढा किंवा त्याहून जास्त पाऊस झालेला आहे. नियोजन त्या आकड्यावर करायचं, सरासरीवर करायचं नाही. एका वर्षी ८०० आणि दुसऱ्या वर्षी २०० मिलिमीटर पडला तरी सरासरी ५०० येते, पण त्या २०० च्या वर्षात सरासरीवर लावलेली बाग वाळून जाते.

मंडळाचा आकडा आणि तुमच्या रानातला पाऊस यांत फरक पडतोच. ओढ्याच्या अलीकडे भिजतं आणि पलीकडे धुरळा उडतो, हे या भागात कुणालाही विचारा. म्हणून स्वतःचं पर्जन्यमापक ठेवा. प्लास्टिकचं साधं मिळतं. ते नसेल तर सरळ भिंतींचा, तळाला आणि तोंडाला सारख्याच रुंदीचा डबा झाडा-घरापासून लांब, उघड्यावर ठेवा आणि सकाळी पट्टीनं पाण्याची उंची मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. तारीख घालून वहीत लिहा. वहीत नक्षत्रही लिहा, कारण शेजारी ज्या भाषेत पावसाची आठवण सांगतील ती नक्षत्रांची असेल. मृग कोरडा गेला, उत्तरा चांगली लागली, हस्तानं तारलं, असंच बोललं जातं.

सोलापूरकडच्या पट्ट्यात वर्षाचा सगळ्यांत भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला. जून-जुलैचा पाऊस तुटक असतो, मध्येच तीन-तीन आठवड्यांची उघडीप पडते. म्हणूनच इथली जुनी शेती खरिपापेक्षा रब्बीवर उभी राहिली. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजली गेली त्याच्या मुळाशी सप्टेंबरचा पाऊस आणि तो धरून ठेवणारी खोल काळी जमीन ही जोडी आहे.

मिलिमीटरचे लिटर करा

एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी पडलं. नेमकं सांगायचं तर ४,०४७. हा एकच आकडा पाठ करा, पुढचं सगळं गणित त्यावर चालतं.

समजा तुमचं रान पाच एकर आहे आणि वाईट वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटर. म्हणजे तुमच्या हद्दीत वर्षभरात आभाळातून सुमारे ६० लाख लिटर पाणी येणार. आता उसाचा विचार करा. महाराष्ट्रात उसाला पाऊस धरून २,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. पाच एकरांवर पडलेला वर्षाचा सगळा पाऊस एक थेंबही न गमावता अडवला तरी त्यात एक एकर ऊस येत नाही. कालव्याचं पाणी नसताना कोणी ऊस लावायला सांगितला तर हे गणित त्याच्यासमोर मांडा. तो ऊस दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीतलं पाणी पिणार, एवढाच त्याचा अर्थ.

उलट बाजूला बाजरी ३०० ते ३५० मिलिमीटरमध्ये भागते, हरभरा साधारण २५० ते ३०० मध्ये, ज्वारी ४०० ते ४५० च्या आसपास. गव्हाची भूक त्याहून मोठी. आपल्याकडच्या पावसाला कोणती ताटं पुरतील हे इथंच दिसायला लागतं.

खड्डा खणून जमीन बघा

पडलेला पाऊस रानात किती राहणार हे मातीची खोली ठरवते. वरून काळी दिसणारी जमीन दीड फुटावर मुरूम लागून संपते, असं पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून रानात तीन-चार जागी, बांधाजवळ नाही तर मधोमध, कंबरेइतका खड्डा घ्या. खड्ड्याच्या कडेला काय दिसतं ते वरून खाली लिहा: काळी माती किती इंच, तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे कुठून सुरू होतात, मुरूम कुठे लागतो, पिवळसर मांजऱ्या, म्हणजे झिजून मऊ झालेला दगड, कुठे आणि कठीण पाषाण कुठे. मुळ्या कुठपर्यंत गेल्या आहेत तेही बघा. बांधावरच्या बाभळीची मुळी खाली जाते म्हणून ज्वारीची जाईल असं समजू नका.

भारी काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठवते. खोली फूटभरच असेल तर हा साठा ५०-६० मिलिमीटरवर येतो आणि मुरमाड मातीत त्याहूनही खाली. मग पाऊस कितीही पडो, भांडं तेवढंच. फूटभर मातीच्या रानात रब्बी ज्वारी घेणाऱ्याला फुलोऱ्यातच पीक माना टाकताना दिसतं. त्याच गावातल्या मीटरभर खोल मातीत मात्र पेरणीनंतर एकही पाऊस न होता कणीस भरतं.

खड्डे झाले की रानाचा साधा नकाशा काढून तीन भाग करा: फूटभरापर्यंतची हलकी, दोन फुटांपर्यंतची मध्यम आणि त्याहून खोल भारी. सातबारा एक असला तरी पिकाच्या दृष्टीनं ही तीन वेगळी रानं आहेत. त्याच खड्ड्यांतली माती तपासणीला द्या. चुनखडी आणि क्षार किती आहेत हे फळबाग लावण्याआधी कळायलाच हवं.

विहीर बोलती करा

रानात विहीर असेल तर विकणारा किंवा शेजारी "बारमाही आहे" म्हणाला एवढ्यावर विसंबू नका. विहिरीला पाणी किती येतं ते मोजता येतं आणि त्याला दोरी, गाठ आणि घड्याळ पुरतं.

संध्याकाळी मोटार लावून विहीर जितकी उपसेल तितकी उपसा. मोटार बंद केली की लगेच दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी घ्या आणि दोरीला गाठ मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी, बारा तासांनी, पुन्हा पातळी घ्या. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे रात्रभरात आलेलं पाणी. विहिरीचा व्यास २० फूट असेल तर एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. पाच फूट चढलं तर रात्रीत साडेचव्वेचाळीस हजार लिटर आलं.

ही मोजणी ऑक्टोबरात एकदा करून थांबू नका. जानेवारीत करा, मार्चमध्ये करा, मेमध्ये करा. ऑक्टोबरात पाच फूट चढणारी विहीर मार्चमध्ये फूटभर चढत असेल, तर तुमच्या हातात मार्चचे रोजचे नऊ-दहा हजार ते जास्तीत जास्त पंधरा-अठरा हजार लिटर आहेत. आता हे डाळिंबाशी लावून बघा. १५ बाय १० फुटांवर एकरी २९० झाडं बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकनं दिवसाला ३०-४० लिटर धरले तरी एकराला दहा हजार लिटर झाले. त्यात गाई-म्हशींचं, घरचं पाणी मिळवा. म्हणजे ही विहीर फार तर एक एकर बाग जगवेल. ऑक्टोबरच्या विहिरीकडे बघून तीन एकर लावले की एप्रिलपासून टँकर सुरू होतो, आणि टँकरवर जगवलेल्या बागेचा हिशेब सहसा जुळत नाही.

बोअरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवखा माणूस इथंच सगळ्यांत जास्त पैसे घालवतो. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बसाल्टनं, म्हणजे काळ्या पाषाणानं व्यापलेला आहे. या दगडात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरलेलं नसतं. वरचा झिजलेला मुरूम-मांजऱ्याचा थर, दगडातल्या भेगा आणि दोन लाव्हाथरांमधली फट, एवढ्याच जागी ते सापडतं. वरच्या थरातलं पाणी दर पावसाळ्यात भरून येतं. खोलवरच्या भेगेतलं पाणी मात्र कितीतरी वर्षांत साचलेलं असतं. ते सुरुवातीला जोरात येतं, मग धार बारीक होते, मग मोटार हवा ओढायला लागते, आणि शेतकरी दुसऱ्या कोपऱ्यात त्याहून खोल भोक पाडतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जाण्यावर निर्बंध आहेत ते याच कारणानं. ६० मीटर म्हणजे साधारण २०० फूट. आमच्या भागात लोक किती खोल जातात हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही त्या शर्यतीत उतरू नका. नारळ, काडी, लोलक घेऊन पाणी दाखवणाऱ्यांपेक्षा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन तुमच्या पाणलोटाची माहिती विचारा. गावोगावच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी तिथं असतात.

पाणी अडवायचं ते आधी मातीत

शेततळं, बंधारा, विहीर यांच्याआधी रानातली मातीच साठा म्हणून वापरायची. हा सगळ्यांत स्वस्त साठा आहे आणि यातून पाणी पिकापर्यंत न्यायला वीज लागत नाही.

पहिलं काम उताराचं. पारदर्शक प्लास्टिक नळी पाण्यानं भरून तिची दोन टोकं खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधा. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत आहेत. अशा जागा जोडत गेलं की समपातळीची रेघ मिळते. ज्यांनी पाणलोटाच्या कामात श्रमदान केलंय त्यांना ही नळी नवी नाही. दोन माणसं दिवसभरात पाच एकरांचा उतार सहज मांडतात. नांगरट, पेरणी, कोळपणी सगळं या रेघेच्या दिशेनं, म्हणजे उताराला आडवं करायचं. उताराच्या दिशेनं पेरलेल्या रानातली प्रत्येक सरी पावसाला बाहेर जायचा रस्ता होते.

बांध असतील तर त्यांना सांडवा आहे का ते बघा. सांडवा नसलेला बांध एका मोठ्या पावसात फुटतो आणि फुटताना वरच्या रानातली माती घेऊन जातो. सांडव्याला दगड लावून घ्या.

रब्बीसाठी ठेवलेल्या भारी रानात जुलैमध्येच सारे आणि आडवे दांड टाकून वाफे पाडा. रान मोकळं असतं तेव्हा पडलेला प्रत्येक पाऊस त्या त्या वाफ्यात थांबतो आणि जागच्या जागी मुरतो. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासून या प्रश्नावर काम करतंय आणि मूलस्थानी जलसंधारणाची, म्हणजे पाऊस असा जागच्या जागी मुरवण्याची, शिफारस तिथून वर्षानुवर्षं होत आली आहे. तरीही जुलै-ऑगस्टात आमच्याकडे कितीतरी रानं नुसती पडलेली दिसतात. तण वाढतं आणि सप्टेंबरच्या पेरणीसाठी हवी असलेली ओल ते पिऊन टाकतं. वाफ्यांमधलं तण मोडायला कुळवाची पाळी घालत राहा.

शेततळं केवढं?

३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं बहुतेकांना माहीत असतं. बाजूंचा उतार धरून त्यात २० ते २२ लाख लिटर पाणी मावतं. प्रश्न असा की ते भरणार कशानं. बऱ्या पावसाच्या वर्षात, ५०० मिलिमीटरपैकी १५ टक्के पाणी रानातून वाहून तळ्यात येतं असं धरलं तर एकरी तीन लाख लिटर होतात. म्हणजे २२ लाखांचं तळं भरायला वरच्या अंगाला सात एकरांचा उतार हवा. तुमचं रान पाच एकर आहे आणि वरून दुसऱ्याचं पाणी येत नाही, तर ते तळं चांगल्या वर्षातही भरणार नाही. वाईट वर्षात, ३०० मिलिमीटरच्या दहा टक्के धरले, तर पाच एकरांतून सहा लाख लिटर येतील. अशा रानाला २० बाय २० बाय ३ चं, पावणेनऊ लाख लिटरचं तळं पुष्कळ झालं.

न भरणाऱ्या तळ्याचं पुढे काय होतं तेही सांगतो. प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून ते भरतात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उन्हात आणून ठेवायचं, असा हा व्यवहार आहे. मे महिन्यात आपल्या भागात उघड्या पाण्यावरून दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास वाफ होते. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यावर ते रोजचे ९,००० लिटर झाले. ज्या विहिरीला मार्चमध्ये रात्रीत ८,९०० लिटर येतात तिची अख्ख्या रात्रीची कमाई नुसती आभाळात जाते. शेजारच्या विहिरींची पातळीही त्यासोबत खाली जाते.

शेततळ्याचा खरा उपयोग वाहून जाणारं पाणी धरून ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये संरक्षित पाणी, म्हणजे पाऊस नसताना पीक वाचवायला एक-दोन पाळ्या, देण्याचा आहे. एकराला ५० मिलिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर. तुषार किंवा ठिबक असेल तर त्याहून कमीत भागतं. पावणेनऊ लाखांचं तळं भरलं तर वाफ आणि पाझर वजा जाता पावणेदोन एकरांना दोन पाळ्या मिळतात, आणि तेवढ्यानं पिकात मोठा फरक पडतो. अनुदानासाठी अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. ठिबक-तुषारचंही तिथंच. पूर्वसंमती हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका किंवा संच विकत घेऊ नका.

आता पीक

हलक्या, फूटभर मातीच्या भागात खरीप घ्या: बाजरी, मटकी, हुलगा. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ ही जोडी या जमिनीत आणि मध्यम जमिनीतही चालते. बाजरी लवकर निघते आणि परतीच्या पावसावर तूर पोसते. पाऊस मध्येच गेला तर दोन्हींतलं एक तरी हाती लागतं.

पहिला वळीव झाला की सगळीकडे पेरणीची घाई सुटते. थांबा. वहीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस नोंदला जाऊन ओल खोल गेल्याशिवाय खरिपाची चाड्यावर मूठ धरू नका. दुबार पेरणीत बियाणं जातं, मजुरी जाते आणि हंगामाचे पंधरा दिवस जातात. जुलै उलटला तर बाजरीचा हट्ट सोडून सूर्यफूल, हुलगा, एरंडीकडे वळा, नाहीतर रान सरळ रब्बीला ठेवा.

मध्यम आणि भारी जमीन रब्बी ज्वारीला. वाण मातीच्या खोलीवर निवडायचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार हलक्या जमिनीत ज्वारी घ्यायचीच झाली तर फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यममध्ये फुले सुचित्रा, फुले माउली किंवा मालदांडी ३५-१, आणि भारीमध्ये फुले वसुधा किंवा फुले यशोदा. मालदांडीची निवड सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला झाली. भाकरी आणि कडबा दोन्हींसाठी आजही लोक तिचंच नाव घेतात. कडब्याला कमी लेखू नका. दुष्काळी वर्षात दाण्यापेक्षा कडब्याचे पैसे जास्त झाल्याचं इथल्या प्रत्येक शेतकऱ्यानं पाहिलंय.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा ते हस्त. पेरणीआधी लोखंडी सळई हातानं जमिनीत दाबून बघा. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरड्या थराला अडते. दोन फुटांपर्यंत गेली तर निर्धास्त पेरा. फूटभरातच अडली तर ज्वारीऐवजी पेरा कमी करून हरभरा किंवा करडईचा विचार करा. एकरी चार किलो बी, ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत १५ सेंटिमीटर. काणी रोग येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा. उगवल्यावर विरळणी करायला मन धजत नाही, पण करा. दाट ठेवलेलं प्रत्येक जादा रोप शेजारच्याची ओल पितं आणि शेवटी दोघांचंही कणीस पोचट निघतं.

संरक्षित पाणी दोनदा देता येत असेल तर पहिलं २८ ते ३० दिवसांनी, वाढीच्या जोमात, आणि दुसरं ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, असताना. हरभऱ्याला एकच पाणी असेल तर फुलं लागायला सुरुवात होताच द्या.

कोळपणी चुकवू नका

काळी जमीन वाळताना भेगाळते. सुरुवातीला केसाएवढी दिसणारी भेग डिसेंबरपर्यंत हात जाईल एवढी होते, आणि त्या भेगेच्या दोन्ही भिंतींमधून खालची ओल हवेत निघून जाते. वरून बघणाऱ्याला फक्त वाळलेला पृष्ठभाग दिसतो, खरा तोटा आतून चालू असतो. त्यावरचा इलाज म्हणजे कोळपं. वरची दोन-तीन इंच माती भुसभुशीत केली की ती भेगांत पडून त्या बुजतात आणि मोकळ्या मातीच्या थरामुळे खालची ओल वर चढायची थांबते. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" असं जुनी माणसं म्हणतात ते यामुळेच.

रब्बी ज्वारीत तीन कोळपण्या आणि तिन्हींना वेगवेगळं कोळपं लागतं. पीक तीन आठवड्यांचं असताना फटीचं कोळपं चालवायचं. याच्या पासेला, म्हणजे माती कापणाऱ्या पात्याला, मध्ये फट असते, ओळ त्या फटीतून जाते आणि कोवळ्या रोपांच्या दोन्ही बाजूंची माती अगदी जवळून हलते. पाच आठवड्यांनी अखंड पासेचं, दोन ओळींच्या मधून. यानं तणही कापलं जातं. आठ आठवड्यांनी दातेरी. तोवर जमीन कडक झालेली असते, पास आत घुसत नाही, दात मात्र शिरतात आणि भेगा बुजवतात. तिसरी कोळपणी बहुतेक जण सोडून देतात, कारण पीक उंच झालेलं असतं आणि रानात तणही दिसत नाही. पण तण नसलं तरी भेगा असतात. बैल नसतील तर भाड्यानं सांगा, सायकल कोळपं वापरा, पण ही पाळी घाला.

काढणी झालेल्या बाजरीचं सरमाड, तुरकाट्या, गवत, जे जनावरांच्या उपयोगाचं नाही ते ओळींत पसरा. एकरी दोन टन आच्छादन मिळालं तर फारच उत्तम. तेवढं नसेल तर फळझाडांच्या आळ्यांत तरी टाकाच. पेटवून देऊ नका.

झाडं आणि जनावरं

बहुतेक सगळे पैसे बागेत घालायची इच्छा पहिल्याच वर्षी होते. पहिलं वर्ष नुसतं मोजण्यात जाऊ द्या. चारही वेळच्या विहिरीच्या नोंदी हातात आल्या की मेच्या आकड्यावर बाग ठरवा. मेमध्ये विहीर तळ दाखवत असेल तर डाळिंब, द्राक्ष बाजूला ठेवून सीताफळ, बोर, आवळा, चिंच लावा. सीताफळ आणि बोर उन्हाळ्यात पान गाळून स्वतःची तहान कमी करतात. रोपं जगेपर्यंत पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यावं लागतं, पुढे पावसावर निभावतं.

जनावरं पाण्याच्या हिशेबात धरायला लोक विसरतात. म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ६०-८० लिटर लागतात, शेळीला ५ ते ८. माडग्याळ मेंढी आणि उस्मानाबादी शेळी या कोरड्या मुलखात तयार झालेल्या जाती आहेत. एका म्हशीच्या पाण्यात आठ-दहा शेळ्या राहतात आणि अडीनडीला एक-दोन विकता येतात. हिरव्या चाऱ्यासाठी पाणी राखून ठेवावं लागत नाही हा आणखी एक फायदा.

विहीर तुमची, पाणी गावाचं

इथवरचे सगळे हिशेब तुमच्या बांधाच्या आतले आहेत. जमिनीखाली बांध नसतो. तुम्ही कितीही काटकसर केली आणि शेजाऱ्यानं चार बोअर मारले तर तुमची विहीर आटणारच. म्हणून गावाचा ताळेबंद मांडला गेला पाहिजे, आणि नव्यानं आलेल्या माणसानं तो मागायला संकोच करू नये.

आपल्याकडे याची दोन भक्कम उदाहरणं आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीच्या मापानं न वाटता माणशी वाटलं: प्रत्येक माणसामागे अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनांचाही त्यात वाटा होता आणि उसाला बंदी होती. दुसरं हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी नको म्हटलं आणि दरवर्षी पाऊस मोजून कोणती पिकं किती घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायला सुरुवात केली. दोन्ही ठिकाणी पाऊस आपल्यासारखाच तुटपुंजा.

तुमच्या गावात हे एकदम होणार नाही. पण पावसाची आणि विहिरीची वही तुमच्याकडे असेल. पावसाळा संपल्यावर, रब्बीची पेरणी आटोपायच्या आत होणाऱ्या ग्रामसभेत ती घेऊन जा. गावात यंदा इतका पाऊस झाला, माझ्या विहिरीला रात्रीत इतकं पाणी येतं, मागच्या वर्षी याच महिन्यात इतकं येत होतं, एवढं वाचून दाखवा. मग बाकीच्यांच्या विहिरींचं विचारा. चार-पाच शेतकरी आपापली दोरी टाकून मोजायला तयार झाले की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा मागून घ्या आणि दर महिन्याला सगळ्या विहिरींची पातळी त्यावर लिहायला लागा.